बिबटे उचलून न्या म्हणणं चूक आहे का? (जुन्नर, शिरूर, आंबेगाव, खेड)

कुकडीकाठ
२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात वीसेक दिवसांत तीन जीव बिबट्याने घेतले, दोन लेकरं आणि एक म्हातारी. लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला, वनखात्याची गाडी जाळली, आणि मग कुठे शार्पशूटर आले. आता सगळीकडे परत तेच चालू आहे की बिबट्या बिचारा, आपणच त्याच्या जंगलात घुसलो. अहो कुठलं जंगल? आमच्याकडे कुकडीचं पाणी आलं, ऊस आला, आणि बिबट्या उसात जन्माला येतोय, त्याने डोंगर बघितलेलासुद्धा नाही. माझं सरळ म्हणणं आहे की संख्या कमी करा, पकडा, न्या, आणि माणूस मारणाऱ्याला गोळी घालायची परवानगी इथल्या अधिकाऱ्याला द्या, नागपूरच्या वनखात्याच्या मुख्यालयातल्या फायलीची वाट बघायला लावू नका. पिंपरखेडला बाया-माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होती, ते फोटो पाहून तरी कळायला हवं.

रानभूल
दादा, तुमचा राग शंभर टक्के मान्य, पण "पकडा आणि न्या" हे जुन्नरमध्येच करून झालंय. २००१ नंतर तिथे धडाधड पिंजरे लावले आणि पकडलेले बिबटे दुसऱ्या जंगलांत सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तर आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते ते नंतर १७ वर गेले. अनोळखी ठिकाणी सोडलेलं जनावर बिथरतं आणि परत आपल्या भागाकडे निघतं, आणि इकडे रिकामी झालेली जागा दुसरा तरणा बिबट्या घेतो.

कुकडीकाठ
मी सोडा कुठं म्हणालो? न्या म्हणजे कायमचे न्या.

रानभूल
कुठे पण? जुन्नरजवळचं माणिकडोहचं बिबट्यांचं निवारा केंद्र किती भरणार? आणि किती नेले तरी ऊस तसाच उभा आहे, गावात कुत्री तशीच आहेत. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांची विष्ठा तपासली तेव्हा बिबट्याच्या खाण्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. तिथे १०० चौरस किलोमीटरला ५ मोठे बिबटे राहत होते आणि सगळी वस्ती-शेती, जंगल नाही. म्हणजे आपण शेजारीच आहोत, आवडो न आवडो.

ओतूरची लेक
"शेजारी" वगैरे शब्द ज्यांच्या घरात ५ वर्षांची पोरगी नाही त्यांनी वापरावेत. माझी आई संध्याकाळी ६ नंतर गोठ्यात एकटी जात नाही, शाळेतून पोरं येईपर्यंत जीव टांगणीला. मृत्यू झाला तर सरकार २५ लाख देतं म्हणून सांगतात, ते पैसे घेऊन काय करायचं त्या आईने? वैज्ञानिकांचं बरोबर असेल, पण त्यांच्या अभ्यासात आमच्या भीतीचा रकाना कुठे आहे ते सांगा.

रानभूल
ताई, त्या शब्दाबद्दल मनापासून माफी, दुखवायचं नव्हतं. माणसाला मारून खाणाऱ्या बिबट्याला मारायला माझाही विरोध नाही, फक्त तो *तोच* आहे याची खात्री ठशांवरून, कॅमेऱ्यावरून, डीएनएवरून झाली पाहिजे. नाहीतर भलताच मरतो आणि गाव दोन दिवस निर्धास्त होतं, ते जास्त धोक्याचं.

कायद्याचं बोलू
परवानगीबद्दल. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, म्हणून मारायची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. घोषणा होतेय तसा दुसऱ्या अनुसूचीत टाकला तर त्यांनी अधिकार दिलेला खालचा अधिकारीही देऊ शकेल, पण तिथे जीवितासोबत मालमत्तेचं नुकसान हेही कारण चालतं. म्हणजे शेरडू नेलं म्हणून अर्ज आणि पिकात दिसला म्हणूनही अर्ज. कुकडीकाठ, तुम्हाला हवी ती घाई पहिल्या अनुसूचीत ठेवूनही करता येते, वेळेत सही व्हायला पाहिजे एवढंच. कायदा बदलायच्या घोषणेवर टाळ्या घेणं सोपं असतं.

कुकडीकाठ
वेळेत सही होत नाही हाच तर मुद्दा आहे ना भाऊ! २५ वर्षं झाली, दर वेळी माणूस गेल्यावरच हालचाल.

बातमीमागे
मीडियाचंही बोला कुणीतरी. त्याच नोव्हेंबरात एआयने बनवलेले बिबट्याचे व्हिडिओ फिरत होते, सोसायटीच्या गेटवर, अंगणात, वनखात्याला इशारा द्यावा लागला. खोट्या फोनमागे टीम पळते तेव्हा खऱ्या ठिकाणी पोचायला उशीर होतो. चॅनलवाले तेच व्हिडिओ लूपवर लावतात, आणि उसाच्या तोडणीत बछडी सापडली की लोक घोळक्याने मोबाईल घेऊन जातात, मादी तिथेच आसपास असते हे एकालाही सुचत नाही. त्यात वनमंत्री म्हणाले जंगलात एक कोटीच्या शेळ्या सोडू, दोन दिवस सगळ्या चर्चा शेळ्यांवर, पिंपरखेडवर शून्य.

तरुण शेतकरी
नसबंदीचं काय? केंद्राने जुन्नरसाठी परवानगी दिली म्हणतात.

रानभूल
प्रयोग म्हणून थोड्या बिबट्यांवर. उपयोग होऊ शकतो, कारण नसबंदी झालेली मादी आपली जागा धरून बसते आणि नवीन बछडी होत नाहीत, पण बऱ्याच माद्या पकडाव्या लागतील आणि फरक दिसायला काही वर्षं जातील. उद्याच्या रात्रीसाठी हा उपाय नाही.

तरुण शेतकरी
मग उद्याच्या रात्रीचं मी सांगतो. आमच्याकडे आठवडा-आठवडा मोटारीची थ्री फेज लाइट रात्रीची असते, म्हणजे रात्री १ वाजता पाण्याची दारं धरायला उसात जायचं, वाकून काम, बॅटरी खाली धरलेली, बिबट्याला वाकलेला माणूस जनावरासारखाच दिसतो. सौर कृषी वाहिनीचं २०१७ पासून ऐकतोय, दिवसा लाइट देणार. जिथे बिबट्याचे हल्ले झालेत त्या फीडरला आधी द्या ना. आणि तोडणी कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उसाच्या फडाला लागून असतात, दार नाही, उजेड नाही, संडास नाही, पोरं उघड्यावर झोपतात, त्यांच्याबद्दल या धाग्यात अजून कुणी बोललं नाही. कारखान्याने कोप्यांना जाळी आणि दिवे दिल्याशिवाय गाळप परवाना देऊ नये असं माझं मत.

कुकडीकाठ
दिवसा लाइट आणि कोप्यांचं पटलं, ग्रामसभेत ठराव टाकायला लावतो. पण बिबटे कमी करायची मागणी मी सोडणार नाही, दोन्ही एकदम चालू शकतं.

ओतूरची लेक
ठरावात शाळेच्या रस्त्याकडेचा ऊस १०० फूट मागे घ्यायचं पण टाका. मालकाला नुकसानभरपाई द्यावी लागेल, तेही लिहा, नाहीतर कुणी ऐकणार नाही.