सूक्ष्मदर्शक आता भंगारात द्यायचे का?

जुनी स्लाईड:
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'बुरशीचं वर्गीकरण आता फक्त डीएनएवर, बीजाणू मोजत बसणारे इतिहासजमा'. डोकंच फिरलं. ३० वर्षं बीजाणू मोजलेत मी, डोळ्यांची वाट लावून घेतली. कोप्रिनस या अळंब्यांच्या गटाचं बघा, टोपी विरघळून काळी शाई गळते म्हणून सगळ्या शाईवाल्या छत्र्या एका घरात सुखाने नांदत होत्या, २००१ साली डीएनए बघून घर फोडलं, नाव कोमेटस या जातीकडे आणि तिच्या मोजक्या भावांकडे राहिलं, बाकीचे कोप्रिनॉप्सिस, कोप्रिनेलस, पॅरासोला या नव्या घरांत गेले. वाळवलेल्या नमुन्यांच्या माझ्या खोकाभर पाकिटांवरची लेबलं कोण बदलणार?

पीसीआरवाली:
काका, लेबलं बदलायचा कंटाळा हा शास्त्रीय मुद्दा नाही 😀 शाई गळते म्हणून एका घरात, मग वटवाघूळ उडतं म्हणून पक्षी का? कोमेटस बटन मशरूमच्या कुळातला निघाला, त्याला मी काय करू.

कल्चरप्लेट:
तुमचं घरात भागतं हो. आमच्या लॅबमधून रिपोर्टवर कॅन्डिडा ग्लाब्राटा या रोगकारक यीस्टचं नवीन नाव नाकासिओमायसेस गेलं, तर डॉक्टरांचा फोन, 'हे नवीन काय काढलंत?' आता कंसात जुनं नाव टाकतो.

निफाडचा बागायतदार:
मी काय शास्त्रज्ञ नाही, पण माझं ऐका. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली, पाऊस लागला, पानावर तेलकट डाग, खालून पांढरं. दुकानदार म्हणाला बुरशीच आहे, हेक्झाकोनॅझोल मारा. दोन फवारण्या केल्या, फुलोऱ्यात घड गळाले. नंतर कळलं ते भुरीचं औषध, माझ्या बागेत होता डाऊनी म्हणजे केवडा, आणि डाऊनी मुळात बुरशीच नाही, समुद्रातल्या तपकिरी शेवाळाची भावकी! औषध बुरशीच्या पेशीपडद्यातल्या ज्या एर्गोस्टेरॉलच्या मुळावर उठतं ते डाऊनी बनवतच नाही म्हणे. तर डीएनएवाल्यांनो, हे आधी का नाही सांगितलं?

जुनी स्लाईड:
डीएनए कशाला? डाऊनीच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज, पोहणाऱ्या बीजाणूला दोन शेपट्या, हे आम्हाला सूक्ष्मदर्शकाखालीच दिसलं होतं.

पीसीआरवाली:
दिसलं होतं ना? मग पुस्तकात बुरशीच्याच धड्यात का ठेवलंत?

जुनी स्लाईड:
धडा मी नाही लिहिला!!

मोरचूद-चुना:
भांडा. आमचे आजोबा मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारायचे, मोरचूद कुळ विचारत नाही.

निफाडचा बागायतदार:
फुलोऱ्यात बोर्डो मारून बघा एकदा, मग सांगा. आणि मजुरी कोण देणार, आजोबा?

मोरचूद-चुना:
फुलोऱ्यात मारा कुठे म्हणालो? हेक्झाकोनॅझोल मारणाऱ्याने मला शिकवू नये.

जुनी स्लाईड:
अहो विषय काय! बाई, तुमच्या लाडक्या आयटीएसने, म्हणजे बुरशी ओळखायच्या त्या डीएनएच्या तुकड्याने, अ‍ॅस्परजिलसच्या जवळच्या जाती तरी सुटतात का? आणि नुसत्या सीक्वेन्सवर नाव द्यायचा प्रस्ताव २०१८ साली सान हुआनच्या बुरशीशास्त्र परिषदेत तुमच्याच लोकांनी पाडला.

पीसीआरवाली:
नाही सुटत, कॅलमोड्युलिनचं जनुक बघावं लागतं. आणि हो, पाडला. झालं समाधान? तुमची पाकिटं फेकू नका, जुन्या नमुन्याचा तुकडा असल्याशिवाय माझा सीक्वेन्स कुणाचा हेच कळत नाही.

जुनी स्लाईड:
तुकडा देईन. मागे एका पोराला दिला तर त्याने अख्खी टोपी दळली, पाकिटात देठ परत.

निफाडचा बागायतदार:
ते ठीक, पण डाऊनीला मारू काय? आभाळ आलंय.