मध्य-इंजिनच्या स्पोर्ट्स कारचे टायर: मागचे दोनच बदलावेत की चारही?

रस्तावाट:
माझ्याकडे २०१४ची पोर्शे केमन एस (९८१ पिढीची) आहे. तिला पुढे २३५/४० झेडआर१९ आणि मागे २६५/४० झेडआर१९ या मापाचे टायर आहेत (पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्केवारीत टायरच्या बाजूची उंची, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). मागच्या टायरांच्या खाचा जेमतेम ३ मिलिमीटर उरल्या आहेत, तर पुढच्यांच्या अजून ५ मिलिमीटर आहेत. कोरड्या रस्त्यावर गाडी पूर्वीइतकीच चपळ आहे, किंबहुना स्टिअरिंग थोडे अधिकच तत्पर वाटते. परंतु पाऊस पडून गेल्यावर वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की मागची बाजू फारशी पूर्वसूचना न देता सुटू लागते. गाडी मुख्यतः रस्त्यावरच चालते आणि अधूनमधून ट्रॅकवर जाते. फक्त मागचे दोन टायर बदलावेत की चारही, आणि मिशलँ पायलट स्पोर्ट ४ एससारखा रस्त्याचा टायर घ्यावा की ट्रॅककडे झुकणारा पायलट स्पोर्ट कप २, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

अश्वशक्ती:
चारही बदला, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण तुमच्याच वर्णनात आहे.

खाचा उथळ झाल्या की रबराचे ठोकळे बुटके होतात, ते कमी वाकतात आणि स्टिअरिंग फिरवताच गाडी वळते. म्हणूनच झिजलेला टायर कोरड्या रस्त्यावर चपळ वाटतो. ओल्या रस्त्यावर मात्र त्याच उथळ खाचा पाणी पुरेसे बाहेर फेकू शकत नाहीत आणि टायर रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. मागचा टायर जितका रुंद तितके त्याला अधिक पाणी बाजूला सारावे लागते, त्यामुळे ३ मिलिमीटरवर २६५ मापाचा टायर पुढच्या २३५च्या टायरआधी हार मानणार, हे उघड आहे. त्यात इंजिन मध्यभागी असलेल्या या गाडीत निम्म्याहून अधिक वजन मागच्या चाकांवर असते. मागची पकड एकदा सुटली की गाडी वेगाने फिरते आणि सावरायला चालकाला फार थोडा अवधी मिळतो.

फक्त मागचे दोन नवे घातले तर हा धोका टळेल, यात शंका नाही. परंतु पुढचे टायर जुन्या रबराचे आणि मागचे नवे, कदाचित वेगळ्याच बनावटीचे, अशी जोडी झाली की गाडीचा तोल अंडरस्टीअरकडे झुकतो, म्हणजे वळणात पुढची चाके आधी घसरून गाडी हवी त्यापेक्षा कमी वळते. पुढे-मागे वेगळी मापे असलेल्या गाडीत तो कल मुळातच थोडा असतो. दोनच घेणे अपरिहार्य असेल, तर निदान पुढे आहेत त्याच मॉडेलचे आणि पोर्शेच्या मान्यतेची तीच खूण असलेले टायर मागे घाला.

पुढच्या टायरांच्या साइडवॉलवरील (टायरच्या बाजूच्या भिंतीवरील) डीओटी या निर्मिती-क्रमांकाचे शेवटचे चार अंकही पाहा. तेथे २३१७ असे असेल, तर तो टायर २०१७च्या २३व्या आठवड्यात तयार झालेला आहे. खाचा कितीही खोल दिसल्या, तरी इतक्या जुन्या रबराचा लवचिकपणा कमी झालेला असतो आणि ओल्या रस्त्यावर तेच सर्वाधिक जाणवते.

निळेक्षितिज:
दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. मुख्य वापर रस्त्यावरचा असेल, तर कप २ घेऊ नये. गरम झाल्यावर त्याची कोरडी पकड अप्रतिम असते, पण थंड असताना आणि साचलेल्या पाण्यात तो तुमची आजची तक्रार वाढवेल. पायलट स्पोर्ट ४ एसवर ट्रेडवेअर (टायर किती टिकेल याचा निर्देशांक, जास्त म्हणजे अधिक टिकाऊ) ३०० आणि कप २वर १८० असा आकडा असतो. एकाच कंपनीचे टायर ताडून पाहण्यास तो उपयोगी आहे, परंतु हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवत असल्याने दोन कंपन्यांच्या तुलनेत त्यावर फार विसंबू नये.

पोर्शेने मान्यता दिलेल्या टायरांवर एन० किंवा एन१ अशी खूण असते. ती खूण म्हणजे तो टायर त्या गाड्यांवर तपासून मंजूर झालेला आहे, एवढे आश्वासन. खूण नसलेला चांगला टायर लगेच धोकादायक ठरत नाही. मात्र एकाच ॲक्सलवर खूण असलेला आणि नसलेला असे मिसळू नका. भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये: ९२ म्हणजे प्रत्येक टायरला ६३० किलो आणि वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर.

माझ्या दृष्टीने टायरची खरी पारख त्याची पकड किती आहे यावर होत नाही, तर ती सुटताना तो चालकाला किती आधी कळवतो यावर होते.

सावधवेग:
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच १८ इंची रिमचाही विचार करावा असे सुचवतो. याच पिढीच्या साध्या केमनला २३५/४५ आणि २६५/४५ झेडआर१८ हे कारखान्याचेच माप आहे. पुढच्या चाकाचा एकूण व्यास सुमारे २ मिलिमीटरनेच बदलतो, परंतु साइडवॉल ९४ऐवजी जवळपास १०६ मिलिमीटरची होते. स्टिअरिंगची तीक्ष्णता किंचित कमी होईल, पण खडबडीत रस्त्यावर टायर अधिक चिकटून राहील आणि पकड सुटण्याची जाणीव हळूहळू येईल.

नवे टायर बसवण्यापूर्वी जुन्यांच्या पृष्ठभागावरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी धार लागत असेल, तर चाकांचा टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेला आहे. तो दुरुस्त केल्याशिवाय घातलेले नवे टायरही तसेच झिजतील.

रस्तावाट:
सर्वांचे मनापासून आभार. चारही बदलतो, रस्त्याचेच टायर घेतो आणि अलाइनमेंटही करून घेतो. रिम मात्र सध्या १९ इंचीच ठेवीन. ट्रॅकवर हवा किती ठेवावी?

अश्वशक्ती:
आधी साधारण ३०० किलोमीटर शांतपणे चालवा, कारण नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या पदार्थाचा थर असतो. या काळात स्टिअरिंग काहीसे सैल वाटेल. उंच ठोकळ्यांमुळे ते होते, त्यावरून मत बनवू नका. रस्त्यावर दारावरील तक्त्यात दिलेला दाबच ठेवा आणि तो टायर थंड असतानाच मोजा. तापमान १० अंशांनी वाढले की दाब अंदाजे ०.१ बारने वाढतो, म्हणून ट्रॅकवर काही फेऱ्यांनंतर थांबून चारही टायर पुन्हा मोजा, वाढलेला दाब थोडा थोडा कमी करा, आणि घरी निघण्यापूर्वी टायर थंड झाल्यावर तो पूर्ववत भरा.