चूळ भरता न येणाऱ्या मुलासाठी त्रिफळा, लवंगतेल वगैरे चालेल का?

सांगलीची आई
माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहणे) आहे. त्याला चूळ भरून थुंकता येत नाही, फेसाळ पेस्टने उमासे येतात आणि ब्रश तोंडात घातला की तो दातांनी आवळून धरतो. फिटसाठी फेनिटॉइन चालू असून हिरड्या सुजून दातांवर चढू लागल्या आहेत. सासूबाई लाल दंतमंजन सुचवतात, शेजारच्या काकू लवंगतेल. यांपैकी काय निर्धोक आहे?

बालदंतवैद्य
ताई, लवंगतेल नकोच. त्यातील युजेनॉलमुळे तोंडाची आतली त्वचा भाजते आणि ते पोटात गेल्यास लहान मुलांच्या यकृताला इजा होऊ शकते. लाल मंजनातील गेरू खरखरीत असतो, त्याने दात झिजतात. त्रिफळ्याच्या काढ्याने दातांवरचा चिकट थर कमी होतो असे शाळकरी मुलांवरील अभ्यासांत दिसले आहे, परंतु ती मुले चूळ भरू शकत होती. आपल्या मुलाच्या तोंडात काढा ओतल्यास तो श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका आहे. गाळलेल्या काढ्यात गॉज (जाळीदार सुती कापड) बुडवून, घट्ट पिळून हिरड्या पुसाव्यात. कीड मात्र त्याने थांबणार नाही. त्यासाठी फ्लोराइड लागते आणि अनेक हर्बल पेस्टमध्ये ते नसतेच, म्हणून सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटक नसलेली, १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावावी. हिरड्या वाढण्यामागे फेनिटॉइन असू शकते. ते परस्पर बंद न करता मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे.

विशेष शाळेतील शिक्षिका
डॉक्टरांच्या म्हणण्याला एक जोड देते. असे मूल दात आवळते ते हट्टाने नव्हे, त्याचे जबड्याचे स्नायू आपोआप आवळले जातात, त्यामुळे गॉज बोटाला न गुंडाळता ब्रशच्या दांड्याला गुंडाळून दोऱ्याने पक्का बांधावा. मुलाला टेकून बसवावे, आपण मागे उभे राहून हनुवटीला आधार द्यावा आणि मान मागे झुकू देऊ नये. आमच्याकडे एका बाजूच्या दाढांमध्ये दुसऱ्या ब्रशची जाड रबरी मूठ ठेवतात व दुसरी बाजू घासतात. आणखी एक, टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी असली तरी मिश्री अजून घरोघरी भाजली जाते. घरात कोणी ती लावत असेल तर तेच बोट मुलाच्या तोंडात जाता कामा नये.

सांगलीची आई
आभारी आहे. फिटचे औषध गोड सिरप आहे आणि ते झोपताना द्यावे लागते, त्याचे काय करावे?

बालदंतवैद्य
आधी सिरप, मग दात घासणे, असा क्रम ठेवावा. मूल पेंगुळले असेल तर निदान पाण्यात भिजवून पिळलेल्या गॉजने दात पुसून घ्यावेत.