चौथऱ्यावरची विमानविरोधी तोफ : ठेवावी की हलवावी?

अनुराधा_क
मॉस्कोच्या उत्तरेला लोब्न्या गावात ८५ मिमीची विमानविरोधी तोफ चौथऱ्यावर उभी आहे. डिसेंबर १९४१च्या सुरुवातीला शेजारचं क्रास्नाया पोल्याना जर्मनांच्या ताब्यात होतं, मॉस्को जेमतेम तीसेक किलोमीटरवर. तेव्हा विमानांसाठी आणलेल्या तोफांच्या नळ्या आडव्या करून रणगाडे अडवले गेले. युद्धातली शस्त्रं चौकातून हलवा, असं हल्ली पुष्कळजण म्हणतात. मला नाही पटत. ही तोफ कुणाच्या गावावर चालून गेली नव्हती.

विसोबा
रणगाडे माणसांनी अडवले, लोखंडाने नाही. २३ ऑगस्ट १९४२ला स्टालिनग्राडच्या उत्तरेला १०७७व्या विमानविरोधी रेजिमेंटनेही तोफा रणगाड्यांवर वळवल्या. त्या चालवणाऱ्यांत कितीतरी कोवळ्या मुली होत्या. त्यातल्या एकीचं तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का? तोफेचा व्यास मात्र तोंडपाठ! पोरं नळीवर लोंबकळतात, आईबाप फोटो काढतात. याला स्मारक म्हणायचं?

मीनल७
एस्टोनियाने नार्वाजवळचा सोव्हिएत टी-३४ रणगाडा ऑगस्ट २०२२मध्ये चौथऱ्यावरून उतरवून संग्रहालयात नेला. एकाची सुटका ती दुसऱ्याची गुलामी.

अनुराधा_क
मीनल, तो दुसऱ्याच्या देशात शिरलेला रणगाडा. लोब्न्याची तोफ आपल्याच अंगणात आहे. दोन्ही एका मापाने मोजू नका.

नाईकांचा_धाकटा
माझे बाबा १९७१ला एल-७० या विमानविरोधी तोफेवर होते. चार-चार गोळ्यांची पट्टी वरून भरायची, हे त्यांचं काम. पुढे उजव्या कानाने जन्मभर ऐकू आलं नाही. आई कायम त्यांच्या डाव्या हाताला बसायची. घरी लढाईचा विषय नसे. एकदा एका शहरात बागेत तसलीच तोफ दिसली. बाबांनी चपला काढल्या, पट्टी भरायच्या जागेवर हात ठेवला. रंगाच्या थरांनी ती खाच पार बुजली होती, ते नखाने खरवडत राहिले. आणि तीन नावं घेतली. मी ती आधी कधीच ऐकली नव्हती. तोफ नसती तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती.

विसोबा
नाईक, बाबांना माझा नमस्कार सांगा. तुमचं वाचून गलबललं. पण मग ती नावं तिथे कोरलेली का नसतात? माझं भांडण एवढ्याचसाठी आहे. तिथल्या पाटीवर काय होतं?

नाईकांचा_धाकटा
बाबा आता नाहीत. पाटीवर तोफेचं वजन होतं आणि पल्ला.