विषय: भाच्याला रेसिंगमध्ये जायचंय, काय करावं?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीची मेल नाही, घाबरू नका.

माझा भाचा कोल्हापुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हुशार आहे, एकही विषय राहिलेला नाही. कॅम्पसमधून पुण्याच्या एखाद्या कंपनीत लागेल असं सगळे धरून चालले होते. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मामा, मला मोटरस्पोर्टमध्ये जायचंय. एफ-वन." मागं ताईनं भांडं आपटल्याचा आवाज आला. दाजी तेव्हा काही बोलले नाहीत, पण रात्री वेगळा फोन करून विचारलं की इंग्लंडात एमएस्सीला किती लागतात, आणि मंगळवार पेठेतलं घर तारण ठेवलं तर भागेल का. म्हणजे बाप तयार आहे. मला धास्ती त्याचीच वाटते.

मी आयटीतला माणूस, गाडीत पेट्रोल भरण्यापलीकडे अक्कल नाही. यादीवर त्या लाइनीतलं कुणी असेल तर खरं काय ते सांगा. गोड बोलू नका.

– अ. शि., लेस्टर

*

अ. शि. भाऊ,

मी स्पष्ट बोलते, राग मानू नका. चार वर्षं इंजिनिअरिंग करून शेवटी चाकंच बदलायची असतील तर गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडं पाठवा, घर तरी वाचेल.

आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच कर्ज काढून इकडं आला. शिक्षणानंतरच्या दोन वर्षांच्या व्हिसातलं दीड वर्ष गोदामात पार्सलं उचलली आणि परत गेला. हप्ते अजून वडील भरतायत. आणि २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो व्हिसाही दीडच वर्षाचा मिळणार आहे. दाजींना हे आधी सांगा.

– सु. कु., बर्मिंगहॅम

*

नमस्कार,

काकूंचा पंक्चरवाला वाचून हसलो, पण कर्जाबद्दल त्या बोलल्या त्यातला शब्द न शब्द खरा आहे.

मी कोल्हापूरचाच, २०१९ ला बाहेर पडलो. सध्या बॅनबरीजवळ एका छोट्या कारखान्यात आहे. एफ-वन संघात नाही. रेसिंगच्या गिअरबॉक्सची केसिंगं मशिनिंग झाली की माझ्याकडं येतात आणि मी ती सीएमएम नावाच्या बारीक मापं घेणाऱ्या यंत्रावर मोजतो. टीव्हीवर यातलं काही दिसत नाही. आईला तर मी नक्की काय करतो ते अजून सांगता आलेलं नाही.

रेसिंग म्हटलं की लोकांना ब्रॅकलीची मर्सिडीज, मिल्टन कीन्सची रेड बुल, वोकिंगची मॅक्लारेन आठवते. ती आहेतच, महिंद्राचा फॉर्म्युला ई संघसुद्धा इथं बॅनबरीतच आहे. पण या गावांच्या मधे छोटी वर्कशॉपं पसरलीत. कुणी फक्त वायरिंग करतं, कुणी फक्त कार्बनचे पॅनेल, कुणी फक्त गिअर. इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा मनात आलं, हे तर आपलं कोल्हापूरचं उद्यमनगर! तेच शटर, कूलंटचा तोच वास, "उद्यापर्यंत पाहिजे" म्हणून दारात उभं राहिलेलं तसंच गिऱ्हाईक. फक्त कटिंग चहा नाही. काम खरं इथं आहे आणि हे काम कोल्हापूरच्या पोराला परकं नाही.

भाच्याला गाडी चालवायची आहे की बनवायची, हे आधी विचारून घ्या. कृष्णराज महाडिक, ध्रुव मोहिते ही आपल्याकडची नावं ड्रायव्हरांची. ती वाट पोरवयात कार्टिंगपासून, म्हणजे छोट्या रेसिंग गाड्यांपासून, सुरू होते आणि दर वर्षी आणखी पैसा मागते. तिसऱ्या वर्षाच्या पोरानं ती बंदच समजावी.

बनवायची असेल तर कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंटची टीम आहे का बघा. विद्यार्थ्यांनीच एका सीटची रेसिंग कार बनवायची, इंजिन ७१० सीसीपर्यंत. थ्रॉटलनंतर २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, इंजिनची सगळी हवा त्या अंगठ्याएवढ्या भोकातूनच गेली पाहिजे. गाडी ६० अंशात कलंडवून बघतात, पेट्रोल गळता कामा नये. एकूण १००० गुण, त्यातले १५० डिझाइनचे. तिथं परीक्षक समोर बसून एकच विचारत राहतात: हे असं का केलंत, आणि कशावरून? आपल्या व्हायव्हात हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता.

आमची गाडी जानेवारी २०१९ मध्ये कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर फॉर्म्युला भारतला, म्हणजे आपल्याकडच्या याच स्पर्धेला, गेली. इंजिन केटीएम ३९० चं, ३७३ सीसी, एकच सिलिंडर. वजन वाचवायला बॅटरी लहान घेऊ या, ही अक्कल माझी. एंड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची फेरी, २२ किलोमीटरची असते. निम्मं अंतर झालं की इंजिन बंद करून ड्रायव्हर बदलायचा आणि तीन मिनिटांत परत निघायचं. पहिला ड्रायव्हर झकास चालवून आला. इंजिन बंद केलं, तसा पाण्याचा पंपही थांबला. इंजिन गार व्हावं म्हणून फॅन मात्र आम्ही चालूच ठेवला. दुसरा बसला, बेल्ट आवळले, स्टार्टर दाबला. टक्. परत दाबला. टक्. तापलेलं सिंगल सिलिंडर इंजिन फिरवायला जोर लागतो, आणि बॅटरीत होता तेवढा फॅननं पिऊन टाकला होता. वेळ संपली. गाडी ढकलत बाहेर आणली. कोल्हापूर येईपर्यंत माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

परत आल्यावर मात्र एक शहाणपण केलं. कॉलेजच्या शेडमागं गाडी ९५ अंशांपर्यंत तापवली, बंद केली, फॅन चालू ठेवला आणि मल्टिमीटर लावून दर १५ सेकंदांनी व्होल्टेज वहीत उतरवलं. मग फॅन बंद ठेवून तेच. मग मोठी बॅटरी लावून तेच. तीन पानं भरली. इथल्या इंटरव्ह्यूत माझं मार्कशीट कुणी मागितलंसुद्धा नाही, त्या तीन पानांवर पाऊण तास गेला.

एमएस्सीचं म्हणाल, तर क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स ही या विषयातली जुनी नावं, कोर्स चांगले. पण मोठ्या संघांत वर्षभर काम करायला मिळतं ते मुख्यतः इथं पदवी करणाऱ्या मुलांना, एक वर्षाच्या एमएस्सीत ते बसत नाही. छोट्या वर्कशॉपांमध्ये व्हिसा स्पॉन्सर करणारी थोडी. मी जवळजवळ साठ अर्ज केले, उत्तरं आली सात. त्यामुळं घर तारण ठेवून आत्ता लगेच येऊ नये, हे माझं मत. आधी दोन-तीन वर्षं तिकडंच काम करावं. होसूरला टीव्हीएस रेसिंग १९८२ पासून आहे, गाड्यांच्या चाचण्या करणाऱ्या संस्था म्हणाल तर पुण्यात एआरएआय, पिथमपूरला नॅट्रॅक्स. त्यानंतरही यावंसं वाटलं तर हातात दाखवायला काहीतरी घेऊन यावं.

आणि मोहितेंचा कार्टिंग ट्रॅक गावात असताना हा पोरगा घरी बसून व्हिडिओ का बघतो? कार्टमधलं रोटॅक्सचं १२५ सीसी इंजिन सीलबंद असतं, उघडायचं नाही. मग फरक पडतो तो टायरचा दाब, कार्ब्युरेटरचा जेट आणि स्प्रॉकेटचे दात यांनी. एखाद्या कार्ट टीमच्या मेकॅनिकच्या मागं मागं हिंड म्हणावं. पैसे मागू नको, पाना मागितला की दे.

– रा. चौ., बॅनबरी

*

मंडळी,

मी सध्या कोल्हापुरातच आहे, लेकीकडं मँचेस्टरला दिवाळीनंतर येईन. अ. शि. यांचा फोन आला म्हणून परवा त्या पोराला आमच्या धाकट्या भावाच्या शिरोलीतल्या फाउंड्रीत नेलं.

लॅपटॉपवर चाकाजवळच्या अपराइट नावाच्या भागाचं ड्रॉइंग घेऊन आला होता, गरागरा फिरवून दाखवत होता. आमच्या पॅटर्नवाल्या, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना बनवणाऱ्या, म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, "लई देखणं हाय. पर पॅटर्न वाळूतनं भाईर कसा काढायचा?" पोरानं ड्राफ्ट, म्हणजे बाजूंना उतारच दिला नव्हता, सगळ्या सरळ उभ्या. लाल झालं बिचारं. मग म्हाताऱ्यानं सागवानाचा तुकडा घेतला, रंध्याचे चार हात मारले आणि उतार कसा द्यायचा ते त्याच्या बोटांना चाचपायला लावलं. सरळ बाजूचा ठोकळा वाळूत दाबून काढला तर कड ढासळली, उताराचा अलगद सुटला. पोरगं दोन तास जागचं हललं नाही.

आमच्याकडं बिडाचं काम, ॲल्युमिनियम होत नाही. पण पॅटर्न शिकायला त्याची गरज नाही. निघताना म्हातारा म्हणाला, "उद्या ये, कोअर बॉक्स दावतो." माझ्या स्वतःच्या पोराला हे बोलावणं कधी आलं नाही. ताईंना सांगा, जेवायची काळजी नको, तिथं भाकरी-खर्डा असतोच.

– द. मा., मुक्काम कोल्हापूर

*

सर्वांना नमस्कार,

मामांनी मला यादीवर घेतलंय. रा. चौ. दादांची मेल मी बाबांना वाचून दाखवली. घराचा विषय बंद झालाय. आईनं अजून हो म्हटलेलं नाही, पण डबा देते.

काकू, रविवारी ट्रॅकवर गेलो होतो. टायर रिमवर चढवायला शिकलो, त्यामुळं तुमचं निम्मं म्हणणं खरं झालं. बाकी दिवसभर चेनला ऑइल मारणं आणि ट्रॉली ढकलणं. पण प्रत्येक सेशनला कार्ट जाताना आणि परत आल्यावर चारही टायरचा दाब मी वहीत लिहीत होतो, सांगितलं नव्हतं तरी. दुपारी ऊन वाढल्यावर मेकॅनिकनं वळून विचारलं, "मगाशी मागचा डावा कितीवर आलेला?" मी वहीत बघून सांगितलं. त्यांनी थोडी हवा सोडली. आता पुढच्या रविवारी पण बोलावलंय.

दादा, आमच्या टीमनं रिस्ट्रिक्टरचं काम माझ्याकडं दिलंय. थ्रीडी प्रिंट करू का? वजन कमी होईल.

*

वजन! बॅटरीची गोष्ट परत वाच.

ॲल्युमिनियममध्ये लेथवर कर, उद्यमनगरात कुणीही करून देईल. २० लिहिलंय म्हणून बरोबर २० चं भोक पाडू नको, १९.९५ धर. तपासणीला २० च्या वर निघालं तर गाडी ट्रॅकवर जाणार नाही. बोअर कशानं मोजलास तेही लिही. एवढ्या बारीक मापाला व्हर्नियर पुरत नाही, त्यानं म्हणालास तर फोनच करतो.

– रा. चौ.