जाड लाकूड आणि आग
'लाकडी इमारत म्हणजे आगीला आमंत्रण, शिवाय ओलाव्याचीही भीती' असं म्हटलं जातं. यातलं आगीचं फिनलंडमधल्या नव्या बांधकामांना लागू होत नाही. युवास्क्युला शहरातली पूकुओका ही आठ मजली निवासी इमारत (२०१५, वास्तुकार आन्सी लासिला) पाहा. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फळ्या आडव्या-उभ्या चिकटवून केलेल्या जाड सीएलटी (क्रॉस-लॅमिनेटेड टिंबर) तक्त्यांच्या खोल्या कारखान्यात तयार झाल्या आणि जागेवर एकावर एक रचल्या. असा तक्ता पेटला तरी वर कोळशाचा थर धरतो, त्या थरामुळे आतलं लाकूड मिनिटाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने जळतं. म्हणजे किती वेळ तग धरेल याचा हिशेब आधीच मांडता येतो! शिवाय एवढ्या उंच लाकडी इमारतींना तिथे स्प्रिंकलर (आग लागताच आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा) लागतातच. ओलाव्याची काळजी मात्र रास्त आहे, बांधकाम चालू असताना तर फारच.