मदत हवी आहे : पावसाळ्यातील नेच्यांचे सायनोटाइप ठसे निळसर आणि धूसर येतात

नमस्कार.

मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहते. जुन्या कुंपणभिंतींवर पावसाळ्यात उगवणाऱ्या हंसराजाचे आणि इतर नेच्यांचे सायनोटाइप ठसे घेऊन त्यांच्या आधारे एक चित्रमालिका करण्याचा माझा विचार आहे. (सायनोटाइप म्हणजे उन्हातील अतिनील किरणांनी निळे होणारे रसायन कागदावर लावायचे, त्यावर पान ठेवून काचेखाली दाबून उन्हात ठेवायचे आणि मग कागद पाण्याने धुवायचा; पानाने झाकलेला भाग पांढरा राहतो.) (येऊरला नेचे मुबलक आहेत, परंतु तो परिसर राष्ट्रीय उद्यानाचा असल्याने तिथले पान तोडायचे नाही, हे पथ्य मी पाळते.) अडचण अशी, की ज्या महिन्यांत ही झाडे मिळतात, त्याच महिन्यांत हवा या कामाला सर्वाधिक प्रतिकूल असते.

फेरिक अमोनियम सायट्रेटचे २० टक्के आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचे ८ टक्के द्रावण समप्रमाणात मिसळून मी मंद पिवळ्या दिव्याखाली कागदावर लावते. पंख्याखाली वाळवून लगेच, उन्हात न नेताच धुतलेली पट्टी स्वच्छ पांढरी निघते. त्याच कागदाचा रात्रभर कपाटात ठेवलेला तुकडा मात्र सकाळपर्यंत निळसर होतो आणि कितीही धुतला तरी तो डाग जात नाही. त्यामुळे दोष द्रावणाचा नसून दमटपणाचा असावा, असे मला वाटते. केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब दिल्यास हाच डाग लवकर पडेल का, आणि सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात असा कागद निदान दोन दिवस टिकतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. इंग्लिश वनस्पतिअभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशैवालांचे आणि पुढे ॲन डिक्सन यांच्यासह नेच्यांचे जे ठसे घेतले, त्यांत नुसती बाह्याकृती नाही. पातळ भागांतून प्रकाश झिरपल्याने निळ्याच्या अनेक छटा उतरल्या आहेत. मला नेमके तेच हवे आहे. ढगाळ दिवशीही अतिनील किरण पोहोचतात, त्यामुळे वेळ वाढवून निळा रंग पुरेसा गडद येतो, पण प्रकाश सर्व बाजूंनी येत असल्याने कागदापासून किंचित उचललेल्या पर्णिकेखालीही तो शिरतो आणि कडा धूसर होतात. पान ताजे वापरले तर काचेखाली बाष्प धरून डाग पडतात, आणि पूर्ण वाळवले तर त्याचा पारदर्शकपणा उणावतो. जाड पुस्तकात एखादी रात्र दाबलेले, अर्धवट सुकलेले पान हा मध्यम मार्ग कोणी वापरला आहे का? काचेच्या मागे फोमचा तक्ता ठेवून क्लिपांनी आवळल्यास दाब सर्वत्र सारखा बसतो का?

शेवटची विचारणा कागदाविषयी आहे. चित्रकलेचे बरेच कागद टिकाऊपणासाठी कॅल्शियम कार्बोनेट घालून बनवतात आणि त्या अल्कधर्मी घटकाने ठशाचा निळा रंग (प्रशियन निळा) फिका पडतो. असा भरणा नसलेला, पाण्यात भिजूनही न फाटणारा कागद ठाणे, वाशी किंवा बेलापूर भागात सुटा मिळत असल्यास त्याचे नाव आणि जाडी कळवावी.

धन्यवाद.